आमच्या बोरचं पाणी

"तोंड उघड. नीट उघड. सगळ्यांना दिसू दे."

बाई असं म्हणाल्या आणि मी तोंड उघडलं.

सातवीचा वर्ग होता. चांदवड तालुक्यातलं आमचं गाव, जिल्हा परिषदेची शाळा, आणि स्वच्छतेचा आठवडा चाललेला. बाईंनी मला फळ्यासमोर उभं केलं आणि माझ्या शेजारी पाटलांच्या मुलीला. तिलाही हसायला सांगितलं. ती हसली. पांढरेशुभ्र दात. माझे पिवळे, त्यावर तपकिरी पट्टे, आणि समोरच्या दोघांना तर बारीक खड्डे पडलेले.

"बघा मुलांनो," बाई म्हणाल्या, "हे रोज घासलेले दात. आणि हे न घासलेले."

वर्ग हसला. मी रोज घासायचे. सकाळी आणि झोपायच्या आधी. पण ते सांगायला तोंड लागतं, आणि माझं तर सगळ्यांना बघायला उघडं ठेवलेलं होतं. मग बाईंनी पर्स उघडली, त्यातून एक नवा ब्रश आणि पेस्टची ट्यूब काढली आणि माझ्या हातात दिली. वर्गाला म्हणाल्या, टाळ्या वाजवा. वर्गानं टाळ्या वाजवल्या. पाटलांच्या मुलीनंही वाजवल्या.

मी म्हटलं, "थँक्यू बाई."

त्या दिवसातल्या सगळ्यात याचीच मला आजवर जास्त लाज वाटते. मी थँक्यू म्हटलं होतं. आणि मनापासून म्हटलं होतं.

बाई वाईट नव्हत्या. स्वतःच्या पैशानं ब्रश आणला होता. त्यांनी छडी मारली असती तर मी केव्हाच विसरून गेले असते.

गावापासून थोडं लांब, ओढ्याच्या पलीकडं आमची वस्ती. वस्तीतल्या पोरांना शाळेत नाव होतं, गंजके. 'गंजके आले' म्हणायचे. आडनाव विचारायची गरजच नव्हती, तोंड उघडलं की जात कळायची. वर्गात आम्ही एकाच बाकाच्या रांगेत बसायचो आणि गुरुजींनी जोक सांगितला की सगळे एकदम हात तोंडावर न्यायचो. आम्हाला ते कुणी शिकवलं नव्हतं.

घरी आई माझे दात घासायची. मी एवढी घोडी झाले होते तरी. चुलीपुढं बसवून हनुवटी धरायची आणि बोटानं राख चोळायची. राखेनं होईना म्हणून कोळसा. कोळशानं होईना म्हणून विटेची भुकटी. हिरड्यांतून रक्त यायचं, डोळ्यांतून पाणी यायचं, डाग तसेच. "निघंना कसं गं हे," असं आई म्हणायची, पण माझ्याशी नाही, दातांशी बोलल्यासारखी.

आईचे दात मात्र पांढरे होते. ती देवळ्याकडची. वस्तीत जेवढ्या सुना बाहेरून आलेल्या, सगळ्यांचे दात चांगले. जेवढ्या मुली इथं जन्मलेल्या, सगळ्यांचे असे. इतकं ढळढळीत समोर होतं आणि आम्ही त्याची चेष्टा करायचो. आमच्या भावकीचं वाणच तसलं म्हणायचो. आईनं मात्र दोष स्वतःवर घेतला होता. मी पोटात असताना तिला भाजलेल्या मातीचे डोहाळे लागले होते. चुलीच्या कडेचा पोपडा काढून खायची. "तुझ्या वेळंला मी लय माती खाल्ली," ती मला एकदा म्हणाली. "तीच वर आली तुझ्या दातावं." आणि तिनं तोंड फिरवलं.

पाण्याकडं कुणी बोट दाखवलं नाही. दाखवणार कसं? वस्तीतली बोर म्हणजे आमची ताठ मान होती.

बोर यायच्या आधी आमच्या लोकांना गावच्या विहिरीवर चढू देत नव्हते. माझी आजी हंडा घेऊन लांब उन्हात बसायची. कुणाला दया आली की तो यायचा आणि वरून पाणी ओतायचा. हात उंच धरून, भांड्याला भांडं लागू न देता. निम्मं पाणी मातीत जायचं. माझे चुलते, आम्ही त्यांना तात्या म्हणतो, तेव्हा तरणे होते. एक दिवस ते आजीबरोबर होते. ओतणारा हसत हसत पाणी आजीच्या डोक्यावरच ओतत राहिला आणि आजी हंडा पुढं करत राहिली. तात्यांनी तिचा हंडा उचलला आणि रिकामाच घरी आणला. त्यानंतर ते कधी त्या विहिरीकडं गेले नाहीत. चार पोरं जमवून तालुक्याला गेले, कचेरीपुढं बसले, पोलिसांचा मार खाल्ला. बोरची गाडी आली तेव्हा मशीन खोल खोल जात राहिलं, नुसता धुरळा निघत होता, आणि मग पाणी लागलं. तात्या सांगतात की त्या दिवशी वस्तीत कुणी कोरडं राहिलं नाही.

तेव्हापासून वस्तीत एक रीत पडली. मूल जन्मलं की नामकरणाच्या दिवशी तात्या त्याच्या ओठाला बोरच्या पाण्याचा थेंब लावतात. "आपलं पाणी हाय, कुणाच्या बापाचं नाय," एवढंच म्हणतात. सून घरात आली की पहिली कळशी तिनं बोरवरून भरायची. जयंतीला आम्ही रस्त्यावर माठ मांडतो, त्यात तेच पाणी. गावातली माणसं माठावरून जातात आणि बाटलीतलं पितात. त्याचा आम्हाला राग यायचा आणि थोडा अभिमानही वाटायचा. नका पिऊ, आमचं आम्हाला पुरेल.

मी शिकले. बी. ए. झाले आणि नाशकात एका साड्यांच्या दुकानात लागले. मालकांनी पहिल्या दिवशी काउंटरला उभं केलं. संध्याकाळी बोलावलं आणि फार गोड आवाजात म्हणाले, "काउंटरला हसरी मुलगी लागते. तू आत घड्या घाल." मी आत गेले. ट्यूबलाइटखाली साड्यांच्या घड्या घालत राहिले आणि मनात मालकांचे आभार मानले, की त्यांनी दातांचं नाव काढलं नाही. माझी लाज अशी होती. कुणी हळू मारलं तर ती त्याचे पाय धरायची.

स्थळं आली. एका बाईनं पाहण्याच्या कार्यक्रमात मला हसून दाखवायला सांगितलं. मी हसले. त्यांनी पोहे संपवले, चहा घेतला आणि परत काही कळवलं नाही.

शेवटी पगारातून साठवून मी दातांच्या डॉक्टरकडं गेले. दातांवर टोप्या बसवतात असं ऐकलं होतं. डॉक्टरीण माझ्याच वयाची. तिनं काही विचारायच्या आत मी म्हणाले, "मी रोज घासते हं."

तिनं दिवा माझ्या तोंडावर घेतला, बराच वेळ बघितलं. मग विचारलं, गाव कोणतं, लहानपणी पाणी कुठलं प्यायचात, विहिरीचं का बोरचं.

"बोरचं," मी म्हणाले. "आमची स्वतःची आहे."

मग तिनं मला सांगितलं. हे घाणीचे डाग नाहीत. खोल बोरच्या पाण्यात काही ठिकाणी फ्लोराइड जास्त असतं. लहानपणी दात हिरडीच्या आत घडत असतात, तेव्हाच हा डाग आत बसतो. वरून कितीही घासा, जाणार नाही. ते पाणी दिसायला स्वच्छ असतं, पण फ्लोराइड उकळून जात नाही, पावडर टाकून जात नाही. वर्षानुवर्षं प्यायलं की हाडांतही उतरतं. घरात कुणाचे गुडघे, पाठ धरलीये का, तिनं विचारलं. मला आई दिसली. आईला आता खाली मांडी घालून बसता येत नाही. चुलीपुढं स्टूल घेऊन बसते आणि मान वळवायची तर सगळं अंग वळवते. आम्ही म्हणायचो, वय झालं.

मी खुर्चीत तशीच पडून राहिले. मला हलकं वाटायला हवं होतं. मी घाणेरडी नव्हते, हे कुणीतरी पहिल्यांदा सांगितलं होतं. पण मला लाज वाटली, आईबद्दल कुणी वाकडं बोलावं तशी. आमचं पाणी. तात्यांनी मार खाऊन आणलेलं पाणी. आणि मग दुसरी गोष्ट लक्षात आली. ज्यांनी आमचं पाणी विटाळाचं म्हणून कधी तोंडाला लावलं नाही, त्यांचे दात पांढरे राहिले. आम्हाला त्यांच्या विहिरीवरून हाकललं, म्हणून आम्ही हे पाणी प्यायलो. माझ्या तोंडात जे होतं ते त्यांनीच घातलं होतं, आणि वर ब्रश दिला होता.

"घरात अजून कुणी लहान आहे का?" डॉक्टरीण विचारत होती.

होतं. भावाला मुलगी झाली होती. रविवारी नामकरण होतं.

रविवारी मी गावी गेले. अंगणात मांडव होता, बायका पाळणा म्हणत होत्या. वहिनीच्या मांडीवर बाळ झोपलेलं. तात्या धुतलेलं धोतर नेसून आले, हातात पितळी वाटी, वाटीत बोरचं पाणी. वाकले, बोट बुडवलं. मी त्यांचं मनगट धरलं.

एका थेंबानं काही होत नसतं, हे मला ठाऊक होतं. पण थेंबानंतर चमचा येतो, चमच्यानंतर पेला, आणि मग जन्मभर कळशी. ज्या दिवशी अडवायचं तो दिवस हाच होता.

"तात्या, नको," मी म्हणाले.

त्यांना वाटलं मी थट्टा करतेय. "का गं?"

मी सांगितलं. सगळ्यांसमोर, मांडवात, घाईघाईनं, तोंडाला ओढणी लावून. पाळणा थांबला. तात्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग फार हळू बोलले.

"गावानं आम्हाला वरून पाणी ओतलं. तू शिकली, आन आता तूबी वरूनच बोलती."

त्यांनी वाटीतलं पाणी स्वतः पिऊन टाकलं आणि मांडवातून निघून गेले. एवढी लाज मला वर्गात वाटली नव्हती, काउंटरवर वाटली नव्हती. भाऊ माझ्याकडं बघेना. बायका ताटं वाढायला उठल्या. आई स्टुलावर बसली होती ती उठली, सगळं अंग वळवून माझ्याकडं आली आणि माझ्या कानाशी विचारलं,

"म्हंजी मातीनं नव्हतं?"

"नाही गं आई. मातीनं नव्हतं."

ती तिथंच मांडवाचा खांब धरून रडली. किती वर्षं ती स्वतःला गुन्हेगार समजत होती, आणि मी तिला कधी विचारलं नव्हतं.

पाणी तपासायला द्यायचं म्हणून मी भावाला घेऊन ग्रामपंचायतीत गेले. ग्रामसेवक म्हणाले, गावाचं पाणी तपासलेलंच असतं, आणि भिंतीवरचं हिरवं कार्ड दाखवलं. पाणी सुरक्षित असलं की गावाला ते हिरवं कार्ड मिळतं. मी विचारलं, बाटली भरता कुठं. त्यांनी सरळ सांगितलं, इथंच, ऑफिसच्या नळावर. वरून माणूस येतो, इथं बसतो, चहा घेतो, बाटली भरतो. त्यात त्यांना काही लपवायचं आहे असं मला वाटलं नाही. ओढ्यापलीकडंही गाव आहे हे त्यांच्या डोक्यातच नव्हतं. मी तिथून हलले नाही, तेव्हा कुठं बोरची बाटली भरली गेली.

डॉक्टरीण म्हणाली तेच निघालं. मग पंचायतीनं तत्परता दाखवली. एक माणूस लाल रंगाचा डबा घेऊन आला, बोर लाल केली, वर लिहिलं, पिण्यास अयोग्य. रंग वाळायच्या आत तो निघून गेला. पिण्यास योग्य कुठलं, ते काही लिहिलं नव्हतं. बायका लाल बोरपुढं हंडे घेऊन उभ्या राहिल्या आणि मग त्याच बोरचं पाणी भरून घरी गेल्या.

ग्रामसभेला मी उभी राहिले. आमच्याकडं सरपंच बाई आहेत, त्या खुर्चीत बसतात आणि त्यांचे मालक बोलतात. मी म्हणाले, गावच्या विहिरीवरून भरणाऱ्या टाकीची पाइपलाइन ओढा ओलांडून वस्तीत द्या. तोंडावर ओढणी होती. मागून आवाज आला, ऐकू येत नाही. मी परत बोलले. पुन्हा, ऐकू येत नाही. कुणीतरी हसलं.

सरपंचबाईंचे मालक म्हणाले, "येगळी बोर तुम्हीच मागितली व्हती ना? आम्ही कुठं म्हणलो घ्या म्हणून? आता योजना आली की बघू."

माना डोलल्या. मी खाली बसले. उत्तर माझ्याकडं होतं, पण ते बोलायला ओढणी काढावी लागली असती, आणि मी काढली नाही. घरी येईपर्यंत मी स्वतःला शिव्या घालत होते. दाराच्या कट्ट्यावर तात्या बसले होते. सभेत काय झालं ते त्यांना आधीच कळलं होतं. मांडवातल्या त्या दिवसापासून ते माझ्याशी बोलले नव्हते.

मी आईला म्हणाले, उद्या सकाळी मी टाकीखालच्या गावच्या नळावर जाणार. आई म्हणाली, मीबी येते. "तुला वाकता येत नाही," मी म्हणाले. "उभं तर ऱ्हाता येतं," ती म्हणाली.

सकाळी निघालो. मी, आई, वहिनी, आणि दारादारांतून बाहेर पडत गेलेल्या बायका. तात्या लाल बोरच्या ओट्यावर बसले होते, आमच्याकडं पाठ करून. ते आमच्याबरोबर येणार नव्हते. ज्या ठिकाणी परत जायला लागू नये म्हणून माणसानं मार खाल्ला, तिथं त्याच्याच घरच्या बाया निघाल्या होत्या. मी त्यांच्याजवळून जाताना मान खाली घातली. तेव्हा ते मागं न बघता बोलले.

"नळाला हंडा टेकवून भर. वरून धार घेऊ नको."

गावच्या नळावर बायका होत्या. कुणी अडवलं नाही, आता तसं कुणी उघड करत नाही. नुसती जागा झाली, आमच्या अंगाला अंग लागणार नाही एवढी. आमचा नंबर आला. मी हंडा उचलला आणि नळाच्या तोंडाला टेकवला.

"हंडा टेकवू नका," एक बाई म्हणाली. "खाली ठेवा. येतंय पाणी."

मी टेकवूनच धरला. तेवढ्यात समोरच्या घराचं दार उघडलं आणि आमच्या शाळेच्या बाई बाहेर आल्या. आता रिटायर झाल्यात. केस पांढरे झालेत. त्यांनी चष्मा सारखा केला, मला ओळखलं आणि खरंच आनंदानं जवळ आल्या.

"अगं, तू? केवढी झालीस." मग त्यांची नजर माझ्या तोंडावर गेली आणि आवाज तोच झाला, सातवीच्या वर्गातला. "दात मात्र अजून तसेच गं. ब्रश करतेस ना?"

माझा हात सवयीनं वर निघाला. अर्ध्यावर गेला. नळावरच्या सगळ्या बायका माझ्याकडं बघत होत्या आणि आई माझ्याकडं बघत होती. मी हात खाली घेतला, हंड्याच्या काठावर ठेवला, आणि तोंड उघडलं.

"रोज करते, बाई. ब्रश तुम्ही दिला होता. पाणी नव्हतं दिलं."

सगळ्यांना ऐकू गेलं. बाईंना कळलं की नाही, मला ठाऊक नाही. त्या आत गेल्या. हंडा भरला, मी तो उचलला आणि आईच्या वाट्याचाही मीच घेतला. मागून ती मघाची बाई म्हणाली की उद्या येऊ नका, आमचंच आम्हाला पुरत नाही.

मी वळून तिला सांगितलं की उद्याही येणार.

दुकानात मी कळवून टाकलंय की येत नाही. साड्यांच्या घड्या दुसरं कुणी घालेल. दातांवर टोप्या मी बसवणार नाही. हे दात असेच राहू देत, पुढच्या ग्रामसभेत मला ते लागणार आहेत. मला लाज वाटायची थांबली असं नाही. आजही नळावर उभी राहिले की वाटते. वाटू दे. लाज वाटली म्हणून मी घरी बसणार नाही.

भावाच्या मुलीला अजून एकही दात आलेला नाही. हिरडीच्या आत ते घडतायत. नळ वस्तीत येईपर्यंत तिच्या घरात गावच्या टाकीचंच पाणी जाणार, आणि ते मी आणणार. रोज सकाळी. हंडा नळाला टेकवून, तोंडावर ओढणी न घेता.